कसबाचे शब्द : प्रस्तावना

वकील निष्णात असतो आणि पोहणारा पट्टीचा. मल्ल कसलेला, शिक्षक हाडाचा, राजकारणी मुरब्बी, लेखक सिद्धहस्त, दारुडा अट्टल आणि गुन्हेगार सराईत. या जोड्यांची उलटापालट करून पाहावी. 'हाडाचा वकील' किंवा 'पट्टीचा शल्यविशारद' म्हटले तर अर्थ पोचतो, तरीही दाताखाली खडा येतो. व्याकरणाचा नियम कुठे मोडलेला नसतो. शाळेत हे कोणी शिकवत नाही. आणि तरी मराठी घरात वाढलेले दहा वर्षांचे पोरही 'सराईत' हा शब्द आपल्या गुरुजींना लावत नाही.

कोश उघडला तर या प्रश्नाचे उत्तर सहसा मिळत नाही. मोल्सवर्थचा १८३१ मध्ये निघालेला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा छापलेला कोश, दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळातला महाराष्ट्र शब्दकोश, ही अफाट कष्टाची कामे आहेत आणि त्यांच्यावाचून या संग्रहाचे पानही लिहून झाले नसते. पण कोशाला एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाने सांगावा लागतो. त्यामुळे प्रवीण म्हणजे निपुण, निपुण म्हणजे तरबेज आणि तरबेज म्हणजे प्रवीण अशी फेरी मारून वाचक निघाला तिथेच परत येतो. प्रत्येक शब्दाची सोबत कोणाशी, तो कोणाच्या तोंडी शोभतो, कोणाला उद्देशून म्हटला की मान होतो आणि कोणाला म्हटला की टोमणा होतो, हे वापरातून गोळा करावे लागते. या संग्रहात तोच प्रयत्न आहे.

मराठीने कौशल्याची नोंद करताना ते किती आहे यापेक्षा ते कसे आले आणि माणसात कुठे जाऊन बसले याकडे अधिक लक्ष दिले, असे हे शब्द जमवताना मला पदोपदी जाणवले. 'निष्णात' या शब्दात बुडी मारून केलेले स्नान आहे. 'स्नातक' त्याच धातूतून आला. 'पारंगत' पलीकडच्या तीराला पोचलेला असतो. 'कसलेला' यात 'कसणे' आहे, जे जमिनीलाही लागते आणि शरीरालाही. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आणि १९४८ चा कूळकायदा ज्या क्रियापदावर उभे आहेत, तेच क्रियापद पैलवानाच्या अंगाला लावलेले आहे. वर्षानुवर्षे राबल्याखेरीज दोन्हींना कस येत नाही. 'हाडाचा' म्हणताना आपण आणखी आत जातो. शिक्षक, शेतकरी, कार्यकर्ता यांच्यासारख्यांनाच तो शब्द शोभतो, कारण ही कामे माणूस संध्याकाळी खुंटीला टांगून ठेवू शकत नाही.

संस्कृताकडून आलेल्या शब्दांचा इतिहास जुन्या पंडितांनाही कुतूहलाचा वाटला होता. 'कुशल' म्हणजे मुळात कुश नावाचे धारदार गवत हात न कापता आणणारा, आणि म्हणून पुढे कोणत्याही कामात वाकबगार, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्यप्रकाशात रूढीने झालेल्या लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला. पुढे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला: व्युत्पत्ती काहीही असो, लोक 'कुशल' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात गवत नसते, चतुर हाच मुख्य अर्थ असतो. मला विश्वनाथाची बाजू पटते. शब्दाचे कूळ जाणून घ्यावे, पण त्याचा आजचा संसार कुळावरून ठरवू नये. याला 'दक्ष' आणि 'हुशार' यांच्यासारखा पुरावा नाही. संस्कृतात 'दक्ष' म्हणजे कामात चलाख, निपुण. मराठीत तो सावध झाला आणि दक्षता पथकात जाऊन बसला. फारसीतला 'होशियार' मुळात शुद्धीवर असलेला, सावध. मराठीत तो बुद्धिमान झाला आणि शाळेच्या पहिल्या बाकावर बसला. दोन शब्द एकमेकांना ओलांडून एकमेकांच्या घरी राहायला गेले.

फारसी-अरबीतून आलेला ओघ या क्षेत्रात फार मोठा आहे आणि तो उधार म्हणून बाजूला काढता येणार नाही. वाकबगार, वस्ताद, हुन्नर, कारागीर, कसब, तालीम, मुरब्बी हे शब्द वगळून मराठी माणसाला हाताच्या कामाविषयी दोन वाक्ये बोलणे कठीण. 'मुरब्बी' हा शब्द आपण 'मुरलेला' याच्या शेजारी ठेवतो, लोणच्याच्या मुरण्याशी त्याचे नाते लावतो. मुळात तो अरबी आहे आणि त्याचा अर्थ पालनपोषण करणारा, वडीलधारा. गुजरातीत तो अजून त्या अर्थाने चालतो. 'तालीम' याचा अर्थ शिकवण एवढाच. पण कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, संगीतात गुरूसमोर बसून घेतलेले शिक्षण, आणि नाटकात पडदा वर जाण्यापूर्वीचे कष्ट. गंगावेस तालमीतला पोरगा, मिरजेत गाणे शिकणारा शागीर्द आणि नाटकमंडळीतला नट, तिघेही तालीमच करतात. तिघांमध्ये समान काय, तर पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. पुस्तकातून मिळते त्याला मराठीने तालीम म्हटलेले नाही.

कोकण-गोव्याच्या अंगाने पोर्तुगीज शब्दही आले. बांधकामावर उभा असलेला 'मेस्त्री', त्याच्या मजुराच्या डोक्यावरचे 'घमेले' आणि शनिवारी हातात पडणारा 'पगार' हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याला मिळाले. मेस्त्री हा त्यांच्या 'मेस्त्र' म्हणजे गुरू, उस्ताद याचाच अवतार. कोकणात तो आडनाव होऊन बसला, इतका त्याचा मान.

शब्दांपेक्षाही वाक्याची ठेवण मला जास्त बोलकी वाटते. 'मला पोहता येते' असे आपण म्हणतो. पोहणे माझ्याकडे येते. स्वर लागतो, हात बसतो, पाक जमतो, नजर तयार होते, डाव साधतो. यांपैकी एकाही वाक्यात 'मी' कर्ता होऊन पुढे उभा राहिलेला नाही. कितीही मेहनत घेतली तरी शेवटी गोष्ट आपणहून येऊन बसते, हा अनुभव भाषेने वाक्याच्या सांगाड्यातच ठेवून दिला आहे. अलीकडे जाहिरातींतून आणि घाईच्या भाषांतरांतून 'तुम्ही तीन महिन्यांत इंग्रजी बोलू शकता' अशी वाक्ये वाढली आहेत. 'शकणे' चुकीचे नाही. नदीला पाणी कमी असेल तर मी पलीकडे जाऊ शकतो. ती परिस्थितीची गोष्ट आहे. पण शिकून अंगी आणलेल्या गोष्टीला 'येणे' हेच क्रियापद आहे, आणि ते सुटत चालले आहे याचे मला वाईट वाटते.

हाताभोवतीचे शब्द या संग्रहात सर्वांत अधिक जागा घेतात. हातोटी, हातखंडा, हातगुण, हाताला वळण असणे, हात बसणे, शेवटचा हात फिरवणे, 'त्याचा हात धरणारा कोणी नाही'. यांत बारीक भेद आहेत. हातोटी ही एकाची स्वतःची असते, ती दुसऱ्याला देता येत नाही. हातखंडा असतो तो सवयीने पक्का झालेल्या, हमखास जमणाऱ्या गोष्टीत. हातगुण वैद्याचा, डॉक्टरचा, सुईणीचा. तो रोग्याच्या अनुभवातून ठरतो, पदवीवरून नाही. पण हातापासून संशयही फार लांब नाही. हातचलाखी आणि हात साफ करणे हेही त्याच घरचे. 'वस्ताद' म्हटले की तालमीत पाय धरायचे आणि बाजारात खिसा सांभाळायचा. 'पोहोचलेला' साधूही असतो आणि ठगही. 'पटाईत' मुळात पटा फिरवणारा, जसा ढाल घेऊन चालणारा ढालाईत; पटा संग्रहालयात गेला आणि आज पटाईत बहुधा थापा मारण्यात असतो. कौशल्याकडे पाहताना मराठी मन एक पाऊल मागे उभे राहते: हा माणूस एवढे जाणतो, तर त्याचे करणार काय?

इथे एका कामाजवळ थांबणे मला आवश्यक वाटते, कारण शब्दांची खरी श्रीमंती माणसाच्या विशेषणांत कमी आणि कामाच्या आतल्या नावांत जास्त आहे. पेरणीचे काम घेऊ. मृगाचा पाऊस पडून गेला की लगेच पाभर शेतात घालत नाहीत. वाफसा यावा लागतो. जमीन ओली असते, पण चिकटत नाही. मुठीत माती दाबली तर गोळा होतो आणि जरा बोट लावले की फुटतो. त्या अवस्थेला वाफसा हे एकच नाव आहे, आणि ते इतके नेमके आहे की कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतही 'वाफसा येताच पेरणी करावी' असेच छापतात. मग तिफण चालू होते. बैल पुढे, मागे चाडे: लाकडाचा एक वाडगा, त्याच्या बुडाशी भोके, भोकांतून निघालेल्या नळ्या फणांपर्यंत गेलेल्या. चाड्यावर मूठ धरणारी व्यक्ती, पुष्कळदा बाई, ओटीतले बी मुठीत घेते आणि चालता चालता बोटांतून सोडत राहते. बी प्रत्येक भोकात सारखे पडले पाहिजे. बैलांची चाल कमी झाली तर बोटे आपोआप आवळली पाहिजेत, चढावर वेगळी, उतारावर वेगळी. ज्वारीची मूठ निराळी आणि हरभऱ्याची निराळी. चूक त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. काही दिवसांनी अंकुर वर येतात तेव्हा दाट आणि विरळ तास सगळ्या गावाला वाचता येतात, आणि मूठ कोणाची होती हे गाव विसरत नाही.

दुसरे उदाहरण मिरजेचे. तिथे तानपुरे आणि सतारी करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे शस्त्रांना धार-पाणी करणारे. लढाया संपल्या, राजाश्रयाने गवई आले, आणि एकोणिसाव्या शतकात ही मंडळी हत्यारांवरून तारांवर आली. त्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याचा प्राण जवारीत असतो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर निसटता स्पर्श करत राहते आणि मूळ स्वराबरोबर वरचे स्वर झणकारू लागतात. कारागीर कानशीने घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. घासून गेलेले परत येत नाही, म्हणून तो घासतो थोडे आणि ऐकतो फार. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून त्याची जागा शोधायची. जवारी 'लागली' असे म्हणतात. स्वरालाही हेच क्रियापद आहे. या कामात कान, बोट आणि कानस यांपैकी कशाला कौशल्य म्हणावे हे वेगळे काढून दाखवता येत नाही, आणि मिरजेच्या बोलीने तसा प्रयत्नही केलेला नाही. 'जवारीचा हात चांगला आहे' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते.

आता सरकारी कागदाकडे वळतो. किमान वेतनाच्या तक्त्यांत कामगारांच्या तीन पायऱ्या असतात: कुशल, अर्धकुशल, अकुशल. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला कामाचा हक्क दिला. ही देशात पुढे गेलेली, अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. पण त्या कामाला नाव पडले 'अकुशल' शारीरिक काम. जिच्या मुठीवर गावाची पेरणी अवलंबून असते ती बाई उन्हाळ्यात पाझर तलावावर गेली की हजेरीपटावर अकुशल होते. कोणता दगड कुठे मारला म्हणजे फुटेल हे ज्याला आवाजावरून कळते, तो वडारही अकुशल. हा शब्द मला सहन होत नाही. मजुरीचे दर ठरवायला वर्गवारी लागते हे मान्य. 'अंगमेहनतीचे काम' असा साधा, खरा शब्द मराठीत होता. त्याने दर ठरवता आले असते आणि कोणाच्या हातातली विद्या नाकारली गेली नसती.

या नाकारण्याचे मूळ जुने आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा'त बलुतेदारांच्या कामांची आणि हक्कांची जी बारीक माहिती दिली, ती वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. सुतार, लोहार, कुंभार यांचे कसब गावाला हवे होते, पण ते जन्माने ठरलेले काम मानले गेले. शिकून मिळवलेली विद्या हा मान पोथीसाठी राखून ठेवला गेला. म्हणून पोथीवाल्याला शास्त्री, पंडित, दशग्रंथी, घनपाठी, व्युत्पन्न अशी चढत्या पायऱ्यांची विशेषणे आहेत. चांगला सुतार आणि असामान्य सुतार यांना निराळे नाव सहसा नाही, दोघेही सुतारच. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांसाठी शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे शिक्षक असावेत, असे म्हटले होते. शिक्षणाविषयीच्या त्या मागणीत ज्ञानाचे शब्द आणि हाताचे शब्द यांच्यामधली भिंत पाडण्याची मागणीही होती. ती भिंत अजून उभी आहे.

बायकांच्या वाट्याला या शब्दांनी काय दिले तेही पाहायला हवे. घरातल्या कौशल्यासाठी 'सुगरण' हा सुंदर शब्द आहे, 'सुगृहिणी'वरून आलेला. त्याला पुल्लिंग नाही. एवढेच काय, सुंदर खोपा विणणाऱ्या पक्ष्यालाही आपण सुगरण म्हणतो, आणि तो खोपा विणतो नर. घराबाहेर जिने कौशल्यावर पोट भरले तिच्याशी मात्र भाषा क्रूर वागली. 'कसब' म्हणजे कमाई, कमावलेली विद्या. (कसबी पदर, कसबी टोपी यांतला जरीच्या अर्थाचा कसब हा निराळा अरबी शब्द, मराठीत येईपर्यंत दोघांचे रूप एक झाले.) कसबी पुरुष हा कुशल कारागीर झाला आणि कसबीण ही शिवी झाली. कलावंत हा गौरव राहिला, कलावंतीण हा गौरव राहिला नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कलावंत समाजातून आल्या, दोघींनी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली आणि जयपूर घराण्याची गायकी पेलून दाखवली. केसरबाईंना पुढे 'सूरश्री' म्हटले गेले, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे. तरीही त्यांच्या समाजाच्या नावाला लावलेला प्रत्यय आपण दुरुस्त केला नाही. या संग्रहात 'कसबीण' आणि 'कलावंतीण' हे शब्द दिले आहेत. ते गाळले असते तर पान स्वच्छ दिसले असते, पण खोटे झाले असते.

आजच्या बोलण्यात 'तज्ज्ञ' आणि 'एक्स्पर्ट' यांनी बाकीच्यांची जागा बरीच व्यापली आहे. तज्ज्ञ म्हणजे 'ते जाणणारा'. त्यात करणे नाही, जाणणे आहे. अर्थतज्ज्ञ, कायदेतज्ज्ञ हे प्रयोग त्यामुळे चपखल आहेत. पण केशरचनातज्ज्ञ आणि रंगकामतज्ज्ञ वाचले की ज्याचा हात चालतो त्याला आपण जाणणाऱ्याच्या रांगेत ढकलतो आहोत, जणू जाणणाऱ्याची रांग वरची, असे वाटत राहते. याच्या उलट एक गोष्ट मला समाधान देते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी कागदांत फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री म्हणतात. कारखान्यात हे शब्द क्वचितच ऐकू येतात आणि 'संधाता' कोणाच्या तोंडी बसेल असे मला वाटत नाही. पण 'कातारी' नवा घडवलेला नाही. लाकूड सांगाड्यावर, म्हणजे लेथवर, फिरवून त्याला आकार देणाऱ्याचा तो जुना शब्द, आणि आज तो पोलाद कातणाऱ्याला लावला आहे. मिळेल तिथे असा जुना, राबता शब्द नव्या कामावर नेमावा. घरात माणूस असताना बाहेरून कशाला बोलवायचा?

संग्रहाच्या मांडणीविषयी थोडे सांगतो. शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. आधी हात, नजर, कान, जीभ, हाड अशा अंगांभोवतीचे शब्द येतात. मग तालीम, रियाज, सराव, मेहनत असे शिकण्याचे. मग शेत, माग, भट्टी, चूल, आखाडा, रंगभूमी या ठिकाणांचे. आणि शेवटी मान आणि संशय यांचे. प्रत्येक शब्दापुढे त्याची नेहमीची सोबत दिली आहे, म्हणजे तो कोणत्या नामाबरोबर चालतो आणि कोणाबरोबर चालत नाही. व्युत्पत्ती खात्रीची असेल तिथेच दिली, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश आणि माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश यांचा आधार मोठा. शेतीचे शब्द सर्वांत घाईने जमवावे लागले. ट्रॅक्टरला जोडलेल्या पेरणीयंत्रात बियाचे अंतर दात्यांच्या चकतीने ठरते, आणि ज्यांनी चाड्यावर मूठ धरली त्या पिढीतल्या बायका आता वयस्क आहेत. एखादा शब्द एकाच तालुक्यात ऐकला असेल तर त्यापुढे तालुक्याचे नाव दिले आहे. तो शब्द आणखी कुठे चालत असेल तर वाचकांनी कळवावे. पुढच्या आवृत्तीत त्या गावाचे नाव त्याच ओळीत येईल.